पहिले तीन महिने धरायचे नाहीत

आमचा दादा फ्रिज दुरुस्त करतो आणि कोणावरही विश्वास ठेवत नाही. दुकान आम्हा दोघा भावांचं, पण कुलूप मी लावलं की हा ते ओढून बघणार. गिऱ्हाईक म्हणालं, "कालपर्यंत नीट चालत होता," की हा म्हणणार, "कालचं राहू द्या."

अशा माणसाचं हृदय वाट्टेल तसं धडधडायला लागलं. दोन ठोके घाईत, मग एक गायब. शिडीवर असताना चक्कर आली, तेव्हा वहिनीने त्याचं काम बंद केलं आणि त्याला हृदयाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी उपाय सांगितला : मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा गॅसने थंड करायचा आणि जिथून विजेचे भलतेसलते इशारे येतात, तिथला भाग गोठवून टाकायचा.

दादाच्या मनात पाल चुकचुकली. "गोठवलेलं वितळतं, बाई. तीस वर्षं तेच बघतोय."

"बर्फ वितळतो. व्रण राहतो, तो इशारे अडवतो."

"असं तुम्ही म्हणताय."

शेवटी वहिनीपुढे त्याचं काही चाललं नाही. नळी गेली, फुगा थंड झाला, दुसऱ्या दिवशी दादा घरी आला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तासभर धडधड. त्याने तावातावाने फोन लावला. बाई म्हणाल्या, "पहिल्या तीन महिन्यांत असं होऊ शकतं. ते धरायचं नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी तेवढी चुकवू नका."

फोन ठेवून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसूच फुटलं. आम्ही गिऱ्हाइकांना रोज हेच सांगतो : थोडे दिवस चालू द्या, आवाज जाईल. कधी आवाज जातो, कधी गिऱ्हाइकाला सवय होते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मग दवाखान्यात बाकावर बसलेल्यांची उलटतपासणी सुरू झाली. एक आजोबा म्हणाले, "तीन वर्षं झाली, एकदम ठीक आहे." दादा माझ्या कानाला लागला, "हा त्यांचाच माणूस."

"काठी टेकत, नातीला घेऊन आलेत ते. तुला फसवायला?"

"नातीसुद्धा आणतात रे."

मला त्याचा खरोखर राग आला होता.

तीन महिन्यांनी छातीला आठवडाभर एक यंत्र चिकटवलं. ठोके सरळ निघाले तर काम सुरू, नाहीतर कदाचित पुन्हा नळी. वहिनी आठवडाभर धड जेवली नाही. दादाला मात्र यंत्रही बाईंना फितूर झालेलं वाटत होतं.

बाईंनी अहवाल आमच्यासमोर ठेवला. "सात दिवसांत एकदाच, बावीस मिनिटं. आधी रोज पाच-पाच तास होतं."

"म्हणजे बरा झालो की नाही? सरळ सांगा."

"बराच फरक आहे. काम हळूहळू सुरू करा, शिडी अजून नको. पण माझ्याकडच्या दहातल्या दोघा-तिघांना हे परत होतं, मग पुन्हा करावं लागतं. तुम्ही त्यांच्यात असाल का, ते मला आज माहीत नाही."

आता बाईंची काही खैर नाही, असं मला वाटलं. पण दादाने फाइल उचलली, बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागला. चाळीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"अरे, कमी झालंय ना? मग रडतोस कशाला?"

"ती खरं बोलली रे. ती खोटं बोलतेय असं वाटत होतं, तोवर बरं होतं. भांडायला कोणीतरी होतं. आता नुसती भीतीच उरली."

मी शेजारी बसलो. थोड्या वेळाने त्याने मनगट माझ्यापुढे केलं. "तू मोज."

घड्याळाकडे बघत मी पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. "बहात्तर. सगळे सरळ."

"बरं," तो म्हणाला आणि बाही खाली ओढून उठला. त्याने स्वतः पुन्हा मोजून बघितलं नाही.