पूजेतला फ्यूज

हेमसिंग मानोऱ्याकडल्या तांड्यातला, मी पुंजाजी आसेगावचा. सत्तावन्न साली वाशिमले कापसाच्या एका बंद जिनाच्या शेडात विजेच्या मोटारी अन् मशिनी दुरुस्त कराचा सरकारी वर्ग निघाला, त्यात आमी दोघं भरती झालो. बैल हाकणारे हात आमचे! बटन दाबाची पाळी आली का मी दुसऱ्याले पुढं ढकलत होतो. हेमसिंग मातर बिनधास्त. "वाघाले नाई भेलो, तं ताराले काहून भेऊ?" असं म्हने अन् ताराचं रबर दातानं सोले.

फुलचंद मास्तराचा एकच कायदा होता. जो मोटार उघडंल त्यानं तिचा फ्यूज बोर्डातून काढून आपल्या खिशात ठेवाचा. मंग कोनी बटन दाबलं तरी तारात वीज येत नाई. त्या कायद्याच्या जिवावरच मी तिथं टिकलो, खोटं कायले बोलू.

खंडेनवमीले आमी हत्यारं पूजेत मांडली. पकड, पाने, हातोडा, साऱ्याले हळदीकुंकू लावलं. हेमसिंगची मोटार अर्धी उघडी होती. त्यानं खिशातला फ्यूज बी काढून पूजेत ठेवला. "हे बी माह्यं हत्यारच हाये," म्हने. कोनाले काही वावगं वाटलं नाई.

दसऱ्याले पूजा उचलाचं काम माह्याकडं आलं. पकड खिळ्याले टांगली, पाने पेटीत टाकले, अन् म्या गाढवानं फ्यूज नेऊन बोर्डात बसवला! मास्तर नारळ फोडून मुहूर्ताचं बटन दाबाले निघाले. म्या सहज हात पाह्यला तं अंगठ्याले कुंकू. बाप रे! पूजेतला तो फ्यूज तं हेमसिंगच्या उघड्या मोटारीचा! शेडाच्या मांगं हेमसिंग राह्यलेली जोडणी करून राह्यला होता. दोन्ही हात मोटारीत, तार दातात.

मास्तराचं बोट बटनाले टेकलं तवा कुठं मी बोंबललो, "हेमसिंग, हात काढ रे!"

तो मांगं कोलमडला अन् तिकडं बटन दाबल्या गेलं. तोंडातली तार मोटारीच्या लोखंडावर पडली अन् निळी ठिणगी कडाडली.

वाघाले न भेणारा गडी भुईवर बसून थरथर कापत होता. म्या त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानं शिवी बी दिली नाई. नुसतं म्हने, "पुंजाजी, पाह्य बरं, माह्ये हात हायेत ना?"

पुढं तीस वर्षं त्यानं मोटारी दुरुस्त केल्या. दर खंडेनवमीले सारी हत्यारं पूजेत ठेवे, पण फ्यूज खिशातच. देवाले बी देत नव्हता.

आता तो त्याच्या तांड्यात, मी माह्या गावात. तरी घरच्या बोर्डाले हात लावाच्या अगोदर मी वरडतोच, "हेमसिंग, हात काढ रे!" नातवंडं हासतात. हासू द्या.