पिकाचं अमिनो

नात गोठ्याची भिंत धरून ओकत होती. पोटात काही उरलं नव्हतं तरी उमासे थांबत नव्हते. हात गार पडले होते आणि विचारलं तर तिला धड बोलता येईना. शेजाऱ्याला जीप काढायला लावली आणि तिला शिरूरच्या दवाखान्यात नेलं. माझा नवरा पुढच्या सीटवर गप्प बसला होता. गप्प बसणाऱ्यातला तो नाही, पण तेव्हा माझं लक्ष पोरीकडे होतं.

नात पोलीस भरतीची तयारी करते. रोज पळून आली की डब्यातली अमिनो ऍसिडची पावडर पाण्यात कालवून पिते. अंग आंबत नाही, दुसऱ्या दिवशी पाय उचलतात, असं तिचं म्हणणं. पुढच्याच आठवड्यात दौंडला तिचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, होती आणि त्यासाठी ती वर्षभर राबली होती.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं, रात्री भाकरी आणि मटकी, सकाळी ती पावडर. ते म्हणाले, डबा आणा. तेव्हा आमचा म्हातारा पुढे आला.

"डबा बघून कळायचं न्हाई, सायेब. तिचं संपलं व्हतं. त्यात मी भरलंय."

"काय भरलंय?"

"कांद्यावर मारतो त्ये. त्या पिशवीवर बी अमिनोच लिव्हलंय. कांद्याची मान कशी उभी ऱ्हाती. म्हणलं, पोरीचं पाय बी उचलत्याल."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नातीला संशय यायला हवा होता, पण तिची नेहमीची पावडरही कडूच. ती लिंबू पिळून, नाक दाबून पिते.

सलाईन लावल्यावर नातीला जरा हुशारी आली. म्हणाली, "आबा, आधी स्वतः तरी बघायचं पिऊन."

"बघितलं की. तुज्या आधी तांब्याभर प्यालो."

डॉक्टरांनी त्यालाही शेजारच्या खाटेवर आडवं केलं. त्याला नुसते जुलाब झाले.

डॉक्टर म्हणाले, पिकाची पावडर माणसाच्या पोटासाठी करत नाहीत, तिच्यात आणखी काय असेल सांगता येत नाही. आणि डाळ, दूध, अंडी पोटभर खात असेल तर डब्यातल्या पावडरीचीही फारशी गरज नाही. मला ते पटलं. नातीला पटलं नाही. तिने नवा डबा आणला आणि तो पेटीत कुलूप लावून ठेवला. अंडी मात्र मी रोज उकडते, ती खाते.

दोन दिवस निजून ती पुन्हा पळायला लागली. दौंडला पहिली आली नाही, पण पास झाली. म्हातारा मैदानाच्या फाटकाबाहेर येईल त्याला नातीचं कौतुक सांगत होता. पावडरीचं कुणाला सांगितलं नाही.

दोघंही जगली.