गाजराचा वाफा आणि गरम रताळं

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि कंधारजवळच्या एका शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्यामुळे आमच्या परसबागेचं वाटोळं करायला बाहेरच्या कुणाची मदत लागली नाही.

बाग माझ्या लेकीसाठी होती. जुई, इयत्ता तिसरी. नांदेडात वाढलेल्या या पोरीला एकदा विचारलं, "गाजर कुठून येतं?" तर म्हणाली, "गाड्यावरून!" झालं! माझ्यातला शेतकरी (जो दहावीनंतर शेतातून पळाला होता) पेटून उठला. घरामागं थोडी मोकळी जागा होती. तिथं वाफा केला, जुईच्या हातानं गाजराचं बी टाकलं आणि जाहीर केलं, "मातीत खेळ, पाणी घाल, चिखलात लोळ. कोणी काही म्हणणार नाही!"

ती रोज माती उकरून बघायला लागली, बी उगवलं का म्हणून. मग मी तिला अंकुरणावर पाऊण तास व्याख्यान दिलं. "बीला असा त्रास द्यायचा नसतो, बेटा." (ती शाळेत गेली की मी स्वतः उकरून बघायचो. पण ते वेगळं. ते निरीक्षण!)

तिसऱ्या आठवड्यात मी पेपर तपासत बसलो असताना ती म्हणाली, "पप्पा, रविवारी माझ्या मैत्रिणी गाजरं बघायला येणारेत."

"हाव, येऊ दे की."

दोन उत्तरपत्रिका झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. गाजरं? कोणती गाजरं? वाफ्यात तर नुसतं बारीक गवत माजलं होतं! आता पोरीची सगळ्या वर्गासमोर फजिती होणार, आणि तीही माझ्यापायी. मी हे दुःख बायकोला इतक्या हळू आवाजात सांगितलं की भिंतीपलीकडं शिलाई मशीनवर बसलेल्या रेहाना आपांचं मशीन थांबलं.

रविवारी सकाळी सकाळी बाजार गाठला. पाल्यासकट गाजरं आणली. वाफ्यातलं गवत मुळापासून उपटून कडेला ढीग घातला, गाजरं मातीत खोचली, वरून पाणी मारलं आणि अत्यंत समाधानानं अंघोळीला गेलो. मी अंघोळीला जाणं ही आमच्या घरात मोठी सुट्टी असते. अर्धा तास बाहेर काय चाललंय ते मला कळत नाही.

दहा वाजता पाच मैत्रिणी आल्या. जुई काही बोलायच्या आत मी हात उंच करून ओरडलो, "उपटा!"

पहिलं गाजर निघालं. टाळ्या! दुसरं निघालं. पुन्हा टाळ्या! जुई मात्र वाफ्याकडं बघत उभी होती. डोळे भरून आलेले. आनंदाश्रू, दुसरं काय?

तेवढ्यात एकीनं जोर लावला आणि मुळा निघाला. एक नाही, चार. एकत्र.

"काका, हे तर सुतळीनं बांधलेलं हाय!"

मी घसा साफ केला. "मुळं कधी कधी एकमेकांत गुंततात."

भिंतीवरून रेहाना आपांचं डोकं वर आलं. "भाईसाब, बच्ची का दिल टूटेगा बोलके मैं डाली! सुतळी रह गई क्या?"

मी त्यांना डोळ्यानं खुणावतोय, तोवर दुसरीनं खणायला सुरुवात केली होती. "काका, रताळं! आणि गरम हाय!"

"जमिनीच्या पोटात उष्णता असते," मी म्हणालो. (शासनमान्य विज्ञान शिक्षक!)

"पण ह्याची साल आपोआप निघून राहिली!"

स्वयंपाकघराच्या दारातून बायको पुटपुटली, "नाश्त्याला उकडली होती हो. ऐनवेळी दुसरं काही सापडलंच न्हाई."

याच मुहूर्तावर कंधारच्या बसनं माझे वडील, म्हणजे आबा, येऊन पोचले. त्यांनी मुळा बघितला, रताळं बघितलं, सून बघितली. पण थांबले कडेच्या ढिगाऱ्यापाशी. एक काडी उचलून बोटांत चुरली.

"हे कोणी उपटलं?"

"मी. गवत लई माजलं होतं."

"गवत?" त्यांनी ती काडी माझ्या नाकाखाली धरली. "वास घे, मास्तर."

गाजर! अस्सल, ताज्या गाजराचा वास!

आता जुईला हुंदका फुटला. "माझी सतरा रोपं होती, आबा! मी मैत्रिणींना तीच दाखवणार होते!"

"अगं, पण तू तर म्हणालीस गाजरं..."

"छोटी गाजरंच होती ती! मोठी व्हायला तीन महिने लागतेत. आबांनी फोनवर सांगितलं होतं मला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची फजिती होऊ नये म्हणून मी तिचं सगळं पीकच संपवलं होतं! मी पाच मैत्रिणींदेखत कान धरून माफी मागितली. जुईनं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मैत्रिणी रताळी खात बसल्या.

दुपारी आजोबा-नातीनं पुन्हा बी टाकलं. मग मला बाभळीच्या फांद्या आणायला लावल्या. वाफ्याला काट्यांचं कुंपण घालायचं होतं.

"आबा, आपल्या गल्लीत एकबी शेळी न्हाई. कुंपण कशाला?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"शेळी नुसता पाला खाती, पप्पा," जुई शांतपणे म्हणाली. "मुळासकट उपटत न्हाई."

कुंपण मी एकट्यानं बांधलं. बाहेरच्या बाजूला उभं राहून.