रामटेके काकांचं एकच वाक्य

रामटेके काका ओठांचा चंबू करून जिना चढायचे. चौबे कॉलनीतल्या माझ्या जर्मनच्या क्लासला येणाऱ्या नर्सिंगच्या मुली वरून बघून हसायच्या. "अंकल, सीटी बजा रहे हो क्या?" "हव, तुमचीच गाडी सोडून राहिलो," म्हणत काका शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. सगळी नोकरी मालगाडीच्या गार्डाची. ओठ 'ऊ'चे ठेवून आतून 'ई' म्हणायचं, हा मुलींना छळणारा जर्मन स्वर त्यांना पहिल्याच दिवशी जमला होता.

मुलींना जर्मनीत नोकरी हवी होती. काकांना नातीशी बोलायचं होतं. मुलगा तिकडेच स्थायिक झालेला, सून तिकडची, आणि पाच वर्षांच्या लीनाला जर्मनशिवाय काही येत नव्हतं. "मले एकच वाक्य पायजे, मॅडम," पहिल्या भेटीत ते म्हणाले. "मी तुझा आजोबा आहो. बस. बाकी लाड करायले तिची आजी आहे."

ते वाक्य मी त्यांच्याकडून लगेच पाठ करून घेऊ शकले असते. पण माझ्या क्लासचा नियम होता: आधी वाचन, शुद्ध उच्चार, मग बोलणं. काकांना नियम आवडायचे. ई-आय दिसलं की 'आय', आय-ई दिसलं की लांब 'ई'. डब्ल्यूचा 'व', झेडचा 'त्स', शब्दाच्या शेवटचा डी 'ट'सारखा. "इंग्रजीपेक्षा बरी आहे," ते म्हणायचे. "बोर्डावर जे लिहिलं, तेच स्टेशन येते."

अडलं ते 'मी'पाशी. जर्मनमध्ये 'मी'साठी जो शब्द आहे, त्याच्या शेवटी 'श'ही नाही आणि 'ख'ही नाही; जीभ 'य'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. काकांचा दर वेळी 'इश' व्हायचा. आणि त्यांचं वाक्य त्याच शब्दाने सुरू होत होतं.

"मॅडम, सिग्नल द्या आता," दर शनिवारी ते म्हणायचे, कारण रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा.

"अजून नाही, काका."

"हव. सिग्नलबिगर गाडी हालत नाही."

रविवारी लीना स्क्रीनवर आली की ते हसायचे आणि फोन काकूंच्या हातात द्यायचे. हे मला काकूंनीच भाजी घेताना सांगितलं. "घरी दिवसभर पुटपुटते हा माणूस, अन् पोट्टी समोर आली का मुका होते. काहून?" मी विषय बदलला.

आता लिहिते. जर्मनीतच कितीतरी भागांत लोक सर्रास 'इश' म्हणतात, हे मला माहीत होतं. काकांना मी ते सांगितलं नाही. माझ्या क्लासच्या उच्चारांचं शहरात नाव होतं, आणि 'चालतं' हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता.

उन्हाळ्यात एका दुपारी काका झोपेतच गेले. मुलगा बायको-मुलीला घेऊन आला. बुद्धवंदना संपली, माणसं पांगली, तेव्हा लीना भिंतीला टेकून एकटीच बसली होती. मी तिच्या भाषेत तिचं नाव विचारलं. इथेही कुणीतरी आपल्यासारखं बोलतंय म्हणून ती सरकून जवळ आली.

"मी हात हलवायचे," ती म्हणाली. "आजोबा नुसते हसायचे. त्यांना माझ्याशी बोलायचं नव्हतं का?"

तिचा 'मी' काकांसारखाच होता. इश.

"होतं गं. फार होतं."

"मग?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठले. काकूंनाही अजून काही सांगितलेलं नाही. उत्तर एवढंच होतं, लीना: ते कधीचे तयार होते. मी त्यांना थांबवून ठेवलं.