शारदाचं फूल

ऑफिसात नवीन आलेली मुलगी स्क्रीनवर बोट ठेवून, ओठ हलवत प्रोग्रामची एकेक ओळ वाचत होती. मला शारदा आठवली.

शाळेत आठवड्यातून एकदाच, चपला बाहेर काढून, कॉम्प्युटरच्या खोलीत जायला मिळायचं. एका कॉम्प्युटरवर आम्ही दोघी. कीबोर्ड मी सोडायचेच नाही. शारदा मुकाट्यानं वहीत प्रोग्राम लिहायची, मग त्यावरून बोट फिरवत पुटपुटायची. "चालतोय गं माझा!" म्हणताना तिचे डोळे असे लकाकायचे, की मलाच माझी स्क्रीन फिकी वाटायची. प्रोग्रामिंगच्या प्रेमात पडायला तिला मशीनसुद्धा लागलं नव्हतं.

नववीत तिला घरच्यांनी शाळेतून काढलं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. जाताना वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "कॉम्प्युटरच्या तासाला हा फुलाचा प्रोग्राम तेवढा घालून बघ." मी हो म्हटलं. तास खूप आले.

काल ऑफिसातून घरी आल्यावर ती वही शोधून काढली आणि तिचा प्रोग्राम जसाच्या तसा टाइप केला. एकही चूक निघाली नाही. एकेक पाकळी उमटत अख्खं फूल स्क्रीनवर उभं राहिलं.

आणि खुर्चीत, तेव्हासारखी, मीच बसले होते.