पहिली ओळ मुक्याने

"थकली त घरात नोको बसू, वावरात येजो," असं माझ्या लग्नात रोहण्याची मावशी म्हणाली होती. तेव्हा मी नुसती हसले होते.

या हिवाळ्यात नागपूरच्या टेलिफोन केंद्रात ट्रंक कॉल जोडताना माझे हात थरथरू लागले. घरीसुद्धा कानात घंटी वाजायची, झोप लागत नसे. डॉक्टरांनी रजा घ्यायला सांगितलं. हात असेच राहिले तर नोकरी सुटेल, हे मला न सांगताच कळत होतं. मी रोहण्याला निघाले.

पॅसेंजरने पुलगाव, तिथून आर्वीची छोटी गाडी. तिकीट अगदी स्वस्त, पण घाई असेल त्याने एसटी धरावी. ही गाडी इतकी सावकाश जाते की बायका खिडकीतून वावरातल्या माणसांची खुशाली विचारतात. पाणी सोबत घ्या, वाटेत मिळेलच असं नाही.

संध्याकाळी भाकर आणि ठेचा पोटभर खाल्ला. सकाळी मावशी आणि तिची सून शांता यांच्याबरोबर वांगी तोडायला गेले. कमरेला ओटी बांधली आणि लगेच माझं रडगाणं सुरू केलं. शांताने हळूच थांबवलं.

"ताई, पह्यली ओळ मुक्यानं. आपल्या घरची रीत हाय. दुसऱ्या ओळीत बोलजा."

वांग्याच्या देठाला काटे असतात. मन दुसरीकडे गेलं की बोटाला कळतं. ओळीच्या टोकाला पोचले तेव्हा बोटं सोलली होती, पण बराच वेळ घंटी ऐकू आली नव्हती. मग दुसऱ्या ओळीत सगळं सांगून टाकलं.

"तुमच्या कानात घंटी, माह्या कानात सासूबाई," शांता म्हणाली.

"मंग कापूस घाल कानात," मावशी मान वर न करता म्हणाली. थोड्या वेळाने मला म्हणाली, "तुह्या हापिसात मुकी ओळच नाई. मांगत काऊन नाई?"

"देणार नाहीत, मावशी."

"मांगून त पाह्य."

रजा संपेपर्यंत रोज तोडणीला गेले. आता नागपूरला घरी भाजी निवडताना रेडिओ बंद असतो, आणि अर्धी निवडून होईपर्यंत आई बोलत नाही हे मुलांना ठाऊक झालंय. झोप लागते. हातांची थरथर कमी आहे, गेलेली नाही. कामावर कॉल जोडायच्या बोर्डासमोर बसले की ती पुन्हा वाढते.

आमच्या पर्यवेक्षिकाबाई वाईट नाहीत. माणसं कमी, कॉल जास्त, आणि वरची बोलणी त्यांनाच खावी लागतात. उत्तर मला माहीत होतं. तरी आज त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"बाई, ड्यूटीच्या मध्ये फक्त पाच मिनिटं हेडफोन काढून बसू द्याल का? बोर्डापासून उठणार नाही."