आबांच्या कानाचं मशीन आणि घड्याळातला सेल

तुमच्या घरच्या चार्जरमध्ये आत्ता कोणते सेल बसलेत, हे उठून न बघता सांगू शकाल का?

सावद्याच्या अक्कांना सांगता आलं नाही. त्यांनी चार्जर आमच्या काउंटरवर ठेवला, म्हणजे जवळजवळ आपटलाच, आणि मागे उभ्या असलेल्या आबांकडे बोट केलं. "याहिच्या मशीनले काय झालं ते पाह्य भाऊ. उद्या पाहुणे येताय."

मी जळगावात एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात रिपेअरिंग करतो. आबा म्हणजे अक्कांचे यजमान. केळीचे शेतकरी, ऐकायला कमी. त्यांच्या कानाचं मशीन म्हणजे सदऱ्याच्या खिशात मावणारी डबी. तिच्यातून वायर कानापर्यंत जाते. आत एक पेन्सिल सेल. तो सारखा विकत आणायचा कंटाळा, म्हणून आबांनी आमच्याकडूनच चार्जर आणि चार्जिंगचे दोन सेल नेले होते.

झालं होतं ते असं. मुलीच्या सोयरिकीची पहिली बैठक बसली आणि मध्येच मशीन बंद पडलं. तसं सांगायची आबांना लाज वाटली. ते प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले. पाहुणे गेल्यावर कळलं, की आबांनी नवरदेवाला मोटारसायकल कबूल केली आहे. उद्याच्या बैठकीत ती पक्की होणार होती. मुलीनं बापाशी बोलणं सोडलं होतं. मात्र हे आबांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले, असं अक्का म्हणाल्या.

आमचे शेठ गल्ल्यावरून म्हणाले, "अरे, तो फास्ट चार्जर दे त्यांना. तासाभरात सेल फुल."

"तो मी देणार नाही, शेठ."

कारण सांगतो. तो स्वस्तातला फास्ट चार्जर सेलमध्ये भराभर करंट ढकलतो आणि सेल भरला तरी थांबत नाही. सेल तापतो आणि लवकर मरतो. कॉलेजपासून मी ग्राहकहक्काची पत्रकं वाटत आलोय. गिऱ्हाइकाच्या गळ्यात काहीही मारणं मला जमत नाही.

"तुला पगार कोण देतो?" शेठनी विचारलं.

"तुम्ही. पण उद्या मशीन बंद पडलं, तर अक्का बोलायला तुमच्याकडे येतील."

शेठनी अक्कांकडे एकदा पाहिलं आणि उदबत्ती शोधायला लागले.

मी चार्जर उघडला. दोन खाचा. एका खाचेत आमचा चार्जिंगचा सेल, अर्धवट भरलेला. दुसऱ्यात साधा सेल, बुडाशी चिकट पाणी सुटलेला.

"अक्का, हा कुठला?"

"घड्याळातला व्हय."

"मग आमचा दुसरा सेल?"

"तो घड्याळात."

मशीनला एकच सेल लागतो. दुसरा नुसता पडून राहतो, म्हणून अक्कांनी तो भिंतीवरच्या घड्याळाला दिला. मग चार्जरमध्ये एकटा सेल ठेवला, तर दिवा लागेना. लागणारच नाही. या चार्जरमध्ये करंट एका सेलमधून दुसऱ्यात जातो. एक खाच रिकामी, की रस्ताच तुटला. अक्कांनी ओळखलं, याला जोडी लागते. त्यांनी घड्याळातून काढलेला जुना सेल पापडांबरोबर घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, उन्हात वाळवला आणि जोडीला बसवला. आमच्या खानदेशात उतरलेले सेल उन्हात ठेवतातच. थोडा वेळ जीव येतो त्यांच्यात.

दिवा लागला. घरात सगळे खूश. पण साधा सेल चार्ज करायचा नसतोच. तो फुगतो, गळतो, कधी फुटतोसुद्धा, आणि पुढच्या सेलला करंट नीट जाऊ देत नाही. त्यामुळे आबांचा सेल रोज अर्धपोटी मशीनमध्ये जायचा आणि ऐन बोलण्यात मान टाकायचा.

मी चार्जरच्या पट्ट्या घासून पुसून दिल्या. दोन्ही चार्जिंगचे सेल आलटूनपालटून मशीनमध्येच वापरा, दोन्ही उतरले की जोडीनंच लावा, दिवेलागणीला लावले तर सकाळी काढा, असं समजावलं.

"पण रात्री लाइट गेली तर उद्याचं काय?" अक्कांनी विचारलं.

मी शोकेसमधून एक नवा साधा सेल काढला आणि मशीनमध्ये घातला. आबांनी डबीचं बटण फिरवलं. अक्का अजून बोलतच होत्या.

"हळू बोल," आबा म्हणाले.

लगेच मी हुंड्यावर एक छोटं भाषण केलं. आबांनी ते पूर्ण ऐकलं, डबी खिशात ठेवली आणि ते निघाले. शेठ म्हणाले, "एवढी बडबड करून शेवटी साधा सेल विकलास."

पुढच्या आठवड्यात अक्का केळीची फणी घेऊन आल्या. त्यांनीच सांगितलं, बैठकीत आबांना सगळं नीट ऐकू येत होतं. मग मुलाच्या काकांनी जवळ सरकून हळूच मोटारसायकलचा विषय काढला. आबांनी खिशात हात घातला आणि बटण बंद केलं.

"सेल उतरला वाटते. जरा जोरात सांगा."

काकांनी आवाज थोडा चढवला. आबांनी कानाला हात लावला. समोरच्या ओट्यावर गल्लीतली माणसं बसलेली. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात हुंडा मागायचं धाडस काकांना झालं नाही. शेवटी नवरामुलगाच म्हणाला, "काही नाही मामा, चहा चांगला झाला म्हणताय काका." तो विषय तिथंच संपला. तारीख ठरली. मुलगी बापाशी पुन्हा बोलायला लागली आहे.

सेल चांगला असून भागत नाही, त्याच्या जोडीला काय बसवलंय तेही बघावं लागतं. म्हणून आज एवढं करा. घरचा चार्जर उघडा. प्रत्येक सेलवर काय छापलंय ते वाचा आणि साधा सेल असेल तर काढून टाका. आणि तुमच्या मुलीसाठी आलेला पाहुणा काही मागायला जवळ सरकलाच, तर त्याला ते मोठ्यानं मागायला लावा.